विरघळणारे बुबुळ

ज्याच्या तेजाने नेत्रांना जग दिसते त्या श्रीसूर्यनारायणास वंदन करून, रथसप्तमीच्या निमित्ताने, रत्नागिरीतील माझ्या नेत्रसेवेतला एक अनुभव सांगतो.

ऐंशीच्या दशकातील गोष्ट. राजापूरकडची पार्वती माझ्यासमोर बसली होती. सोबत तिची सासू. भात झोडताना उडालेले कुसळ पार्वतीच्या उजव्या डोळ्यात गेले होते. डावा डोळा बालपणीच गेलेला. उरला होता तो हाच.

डोळा फारसा लाल नव्हता, वेदनाही थोडी. परंतु स्लिट लॅम्पने, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राने पाहिले, तर बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, खोल खड्डा पडला होता. एवढी जखम आणि डोळा इतका शांत कसा?

"काही औषध घातलंत?"

सासूबाईंनी बाटली काढली. "माज्या पोराचे डोले आलेले, तवा मुंबयच्या डाक्टरान दिलेला. उरलेला तो गणपतीला घेऊन आला. घातला नि लाली उतरली."

औषध स्टिरॉइडचे होते. कोडे सुटले.

कॉर्निया कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांनी विणलेला असतो. हे धागे तोडणारे कोलॅजनेज नावाचे एक एन्झाइम आहे. जखम भरताना शरीर ते जपून वापरते. येथे जंतूंचे आणि शरीराचे अशी दोन्ही कोलॅजनेज एकदम सुटली होती. स्टिरॉइडने लाली झाकली, पण त्या एन्झाइमला अधिकच बळ दिले. पडदा विरघळत होता. आणखी थोडा विरघळता, तर डोळा फुटला असता.

मी ती बाटली बंद केली, जंतुनाशक थेंब सुरू केले. एन्झाइमला आवरणारे द्रव्य मात्र माणसाच्याच रक्तात असते. पार्वतीचेच रक्त काढून, ते गोठल्यावर वर राहणारे पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, तिच्या डोळ्यात घालायचे ठरवले.

सासूबाई उसळल्या. "माज्या पोरान आणलेला औषद वायट, आनी हिचा रगत चांगला?"

पार्वतीने हात पुढे केला. "घ्या डाक्टर. आत्याबाय, रगत माजाच हाय, उसना नाय."

खड्डा वाढायचा थांबला, मग सावकाश भरला. जखमेच्या जागी पांढरा डाग, म्हणजे फूल, मात्र राहिले.

पुढच्या तपासणीला सासूबाई म्हणाल्या, "तांदलातला खडा दिसत नाय हिला."

"तो तुमी निवडा," पार्वती म्हणाली. "मना वाट दिसते."

लाली उतरली म्हणजे रोग उतरला असे नव्हे. आणि एकाच्या डोळ्याचे औषध दुसऱ्याच्या डोळ्यात घालू नये. वाचकहो, आपणांस व आपल्या घरातील लहानथोरांस आरोग्य लाभो, आणि परमेश्वर सर्वांना सांभाळो.