काकीनं शिकवलेलं रडणं

आमच्या तांड्यातल्या झाडून साऱ्या पोरींना काकीनं रडायला शिकवलं आणि स्वतः मात्र ती कधीच रडली नाही! खरंच सांगते. पायात बाभळीचा काटा घुसला तरी दात दाबून उपसायची आणि वर त्या काट्यालाच शिवी द्यायची.

आता रडायला काय शिकायचं, असं तुम्ही म्हणाल. पण आम्हा गोर बंजारा लोकांत नवरी सासरी निघते ना, तेव्हा ती नुसती रडत नाही. एकेका बाईच्या गळ्यात पडून सुरात रडते आणि त्या रडण्यात शब्द असतात. त्याला ढावलो म्हणतात. परक्याला ते निव्वळ रडणंच वाटतं. आमच्या बाप्या माणसांनाही तसंच वाटतं, कारण ढावलो सुरू झाला की ते लांब गाडीपाशी जाऊन बैलांना उगाच थोपटत उभे राहतात. आतले शब्द फक्त बायांना कळतात.

लग्न ठरलं की पोरगी महिनाभर काकीकडे. काकी तिला समोर बसवणार, तिचे हात आपल्या गळ्यात घालणार आणि म्हणणार, "हं, लाग रडायले." पोरगी आधी फिदीफिदी हसायची. मग काकीचं सुरू, "आसवं तं कांदा चिरला तरी येतात. शब्द आले पाह्यजे, शब्द!" आणि कोणी नुसतंच भोकाड पसरलं की तिचा ठरलेला शेरा, "बेसूर! सासरचे म्हणतील, पोरीचं पोट दुखून राह्यलं."

तिची पहिली ओळ होती, "याडी वं, माह्या वाट्याची बाटी आता कोणाले वाढशील." याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकर. "वाट्याची" म्हणून झालं की काकी थांबायची, मोठा श्वास घ्यायची आणि मग पुढचं. आम्हाला वाटायचं चालच तशी आहे. साऱ्या तांड्याच्या पोरी तिथंच थांबायला लागल्या! तिला तिथं श्वास पुरत नाही, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

लहानपणी तिचे सांधे सुजून ताप आला होता, तेव्हाच काळजाला लागलं म्हणे. विहिरीवरून एक घागर आणताना तीनदा टेकायची. मग एक दिवस खोकल्यातून रक्त आलं. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, काळजातली झडप चिकटून अरुंद झाली, मुंबईला न्या. विदर्भ महाराष्ट्रात येऊन दोनच वर्षं झाली होती, आमच्यातल्या कोणी मुंबई पाहिली नव्हती. काका तिला एसटीनं धामणगावला आणि तिथून रेल्वेनं घेऊन निघाला. निघताना काकी मला म्हणते, "तिथला डॉक्टर काळजात बोट घालून दार उघडते म्हणे. तुह्या काकाले इतक्या वर्षांत नाही जमलं!"

काका म्हणाला, "चाल, गाडी चुकल."

दोन महिन्यांनी परत आले. दार उघडलं होतं, श्वास मोकळा झाला होता. पण त्या दाराआड साचलेल्या रक्ताची एक गुठळी सुटली आणि मेंदूत जाऊन बसली. उजवा हात लुळा, उजवा पाय लुळा आणि बोलणं साफ गेलं. तोंडातून एकच यायचं, "तो... तो..." मीठ पाहिजे तरी तो, कूस बदलायची तरी तो.

आणि कळायचं सगळं! हेच तर वाईट. बाया कानाशी येऊन ओरडायच्या, जशी काही ती बहिरी झाली. एक जण तिच्यासमोरच म्हणाली, "येडी झाली बिचारी." काकीनं डाव्या हातानं खाट बडवली. कोठीत चुकून कोंडलेली मांजर दाराला नखं मारते ना, तशी तिची नजर झाली होती. मला बघवेना. मी जायचंच कमी केलं. खोटं कशाला सांगू.

कधीकधी दुपारी तिच्या घशातून ढावल्याचा सूर निघायचा. लगेच काका धावायचा, "चूप! घरात कोण मेलं? कायले अपशकुन करून राह्यली?" लग्नाशिवाय ढावलो म्हणत नाहीत आमच्यात. काका मला म्हणाला, "दवाखान्यातबी अशीच रडे. नर्स म्हणे, दुखत असंल, सुई देऊ. मीच चूप बसवो." माणूस वाईट नव्हता हो, स्वतःच्या हातानं घास भरवायचा तिला. पण ओरडून ओरडून त्यानं तिचा तो सूरही बंद केला.

मग माझं लग्न ठरलं. मला शिकवणार कोण? तरी मी हट्टानं काकीपुढं जाऊन बसले. तिचा डावा हात माझ्या गळ्यात घेतला आणि लागले रडायला. "याडी वं, माह्या वाट्याची..." आणि पुढचं आठवेचना! तेवढ्यात माझ्या कानाशी आलं, सुरात, स्वच्छ, "बाटी आता कोणाले वाढशील."

मी किंचाळलेच. "काकी! बोल! माहं नाव सांग!"

"तो... तो..."

मग मी त्याच चालीत विचारलं, "काकी वं, तुले काय पाह्यजे..." आणि काकी रडल्यासारखी गायली, "पाणी दे वं, पोरी, पाणी..."

म्हणजे इतके महिने ती पाणी मागत होती आणि काका तिला गप्प बसवत होता!

धावत जाऊन काकाला सांगितलं. तो म्हणाला, "लग्नानं डोस्कं फिरलं तुहं." पण काकी दोन तांबे पाणी घटाघटा प्यायली, ते त्यानं पाहिलं.

पुढचे वीस दिवस आम्ही दोघी सुरातच बोललो. मीठ कमी आहे, बकरी घरात शिरली, पाठ दुखते, सगळं ढावल्यात! शेजारीण म्हणायची, "मीठ मागायलेबी गळे काढते!" फक्त एक होतं, सूर कोणीतरी आधी धरून द्यावा लागायचा. आपणहून काढायची तिची हिंमतच मेली होती. आणि धरून देणारी मी तर सासरी चाललेली. बाप्या माणसानं ढावलो म्हणायचा नसतो, म्हणून काका तोंड उघडेना.

निघायच्या दिवशी काकीला चालता येत नव्हतं, म्हणून काकानंच तिला उचलून आणली. बायांच्या गराड्यात एकटा पुरुष, खाली मान घालून उभा. मी तिच्या गळ्यात पडले, कसाबसा सूर धरला आणि नुसतं भोकाडच पसरलं. मग काकी एकटीच म्हणाली. आख्खी ओळ एका दमात! "वाट्याची"पाशी थांबली नाही. आणि त्यापुढं कोणी न शिकवलेली एक ओळ, "पोरी वं, तू चालली, आता माह्यासंगं कोण रडल."

काका हातभर अंतरावर होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या रडण्यातले शब्द ऐकले.

दिवाळीनंतर मी माहेरी आले ती थेट काकीकडे. दारातच थबकले. आतून बाप्याच्या घोगऱ्या आवाजात ढावलो चालला होता, "चहा देऊ का वं... साखर किती टाकू वं..." मला पाहिलं आणि काका लाजून एकदम गप्प. हातात कपबशी तशीच.

काकीनं त्याच्याकडं पाहिलं. ओठ हलले. मी सुराची वाट पाहत होते, पण सूर आलाच नाही. साधं, कोरडं, पूर्वीसारखं फेकून ती म्हणाली, "बेसूर!"

"काय म्हणली?" काका कपबशीसकट माझ्याकडं वळला. "काय म्हणली वं ती?"

"तुले शिवी देल्ली, काका!"

काकीनं पुन्हा तोंड उघडलं, पण "तो..." एवढंच आलं. काका खाली बसला, कप बाजूला ठेवला, डोळे पुसले आणि मुद्दाम, पहिल्यापेक्षा वाईट आवाजात, पुन्हा सुरू झाला.