डोळ्यात उतरलेला धागा

समारंभांचं शूटिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे फोकसभाऊ म्हणत. चित्र जरा धूसर आलं की तो स्वतःवरच करवादायचा, म्हणून हे नाव पडलं होतं.

एका कारखान्यात साहेबांच्या निरोपाचं भाषण रंगात आलं होतं, तेव्हा त्याला कॅमेऱ्यात एक काळा धागा दिसला. वरून खाली, सावकाश उतरणारा. भिंगाला काही चिकटलं असेल म्हणून त्याने ते पुसलं. धागा तसाच. त्याने मान वळवून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, तर धागा भिंतीवर आला.

त्याच्या वडिलांना मधुमेह होता आणि आता त्यालाही होता. वडील शेवटची वर्षं भिंत चाचपत न्हाणीघराकडे जायचे आणि दाराशी थांबून विचारायचे, ‘दिवा लावलाय का रे?’ दिवा लावलेला असायचा.

घरी तो काही बोलला नाही. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. तिच्या कानावर अर्धा शब्द जरी पडला असता, तरी तिने त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. तेच त्याला नको होतं. डॉक्टरने नाव घेतलं की दुखणं खरं होणार, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

हळूहळू धाग्याचा धूर झाला. जिन्यात पायरी चुकली. चहा कपाऐवजी ओट्यावर ओतला गेला.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" बायकोने विचारलं.

"अगं, मधे काहीतरी येतं."

"काय येतं?"

त्याला सांगता येईना. माशी म्हणावी तर माशी नाही, जाळं म्हणावं तर जाळं नाही. जन्मभर लोकांना दाखवायचं काम केलं आणि आता स्वतःला दिसतंय ते दाखवता येईना.

एका सुट्टीच्या दुपारी ती बहिणीकडे गेल्यावर त्याने माळ्यावरची माशांची रिकामी काचपेटी उतरवली. पाणी भरलं, मागे पांढरा कागद लावला, बाजूला दिवा, समोर कॅमेरा. पहिल्यांदा नुसती शाई सोडली, ती भसकन पसरली. तसं नव्हतं ते. मग शाईत थोडं दूध घातलं, तेव्हा ढग उतरू लागले. लाल रंग पाकात कालवला. पाक जड, त्यामुळे रंगाच्या दोऱ्या वळत, लोंबत तळाशी गेल्या. साखरेचं दुखणं साखरेनेच दाखवायचं, असं मनात येऊन त्याला हसूही आलं.

हसू फार टिकलं नाही. ड्रॉपर खाली ठेवून बराच वेळ झाला होता, रंग तळाला बसले होते, तरी एक दोरी अजून उतरतच होती. त्याने डावा डोळा झाकला. दोरी गेली. मग उजवा झाकला, तर काचपेटीच दिसेना. नुसता तांबूस अंधार आणि त्यातून उतरणारी ती दोरी. तो होता तिथेच फरशीवर बसला.

बायको परतली तेव्हाही तो तसाच बसलेला होता. "हा काय पसारा?"

"बघ," म्हणून त्याने कॅमेऱ्यात व्हिडिओ लावून दिला.

ती उभ्याउभ्या बघत राहिली. "छान दिसतंय. कशाचं आहे?"

"मला असं दिसतंय. डाव्या डोळ्याने."

तिच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली आली. ती रागावली नाही, हे त्याला जास्त भीतिदायक वाटलं. "उठा," ती एवढंच म्हणाली, "चपला घाला."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग व्हिडिओ पाहिला. डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा फुटून आत रक्त उतरलं होतं. "महिनाभर आधी आला असतात तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य अर्धवटच ठेवलं. ऑपरेशन झालं. पट्टी सुटायच्या सकाळी फोकसभाऊने डोळा गच्च मिटून घेतला होता. नर्सने दोनदा सांगितलं, तरी उघडेना. बायकोने कानाशी तोंड नेलं. "मी समोरच आहे. उघडा."

तिचा चेहरा दिसला, पण पाण्याखालून दिसावा तसा. त्याहून जास्त तो डोळा पुढे कधी सुधारला नाही. उजव्यातही सुरुवात झाली होती, तो लेझरने वाचला.

आता तो व्हिडिओ दवाखान्यात पेशंटच्या घरच्यांना दाखवतात. परवा एका मुलीने तो बघून शेजारी बसलेल्या वडिलांना विचारलं, "बाबा, असं दिसतं तुम्हाला?" म्हातारा मान हलवून म्हणाला, "अगदी असंच." फोकसभाऊ तिथे तपासणीला आला होता. तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि नाव पुकारेपर्यंत बायकोचा हात धरून बसला.