वीतभर अलीकडे

येरवड्यात आमच्या विहाराच्या अंगणात मी सहा वर्षं लाठी शिकले. शिकवणारे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा पहिला नियम असा, की वार कितीही जोराचा असो, समोरच्याच्या अंगापासून वीतभर अलीकडे थांबला पाहिजे. मला थांबवता यायचा. सगळ्यांत चांगला मलाच.

मग बिल्डरचा ठेकेदार विहाराला लागून असलेली आमची पत्र्याची अभ्यासिका पाडायला आला. सकाळी साडेनऊला, वस्ती कामावर गेल्यावर. वेळ बरोब्बर साधलेली. एक जेसीबी, आठ-दहा मजूर. आम्ही मुली आडव्या गेलो, धक्काबुक्की झाली. मी लाठी घेऊन मागच्या दाराने आत शिरले, तर एका मजुराने कपाटावरच्या बुद्धमूर्तीला दोन्ही हात घातलेले. विचार करायला वेळच नव्हता, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. खोटं आहे ते. वेळ होता. वीतभर होता.

त्याचं मनगट उसाच्या कांड्यासारखं वाजलं. तो खाली बसला, पण दुसऱ्या हाताने मूर्ती छातीशी धरून.

"ताई, बाहेर ठेवत होतो," तो म्हणाला. "पत्रा पडंल म्हनून."

जेसीबी परत गेला. पोलीस ठेकेदारालाही नको होते, त्यामुळे तक्रार झाली नाही. वस्तीत पेढे वाटले. लाठी उगारलेला माझा फोटो मैत्रिणींनी स्टेटसला ठेवला, खाली 'येरवड्याची सामुराई'. पत्रक लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मी लिहिलं: 'मूर्तीवर हात टाकणाऱ्या भाडोत्री गुंडाला आमच्या मुलींनी धडा शिकवला.' शेजारी त्याचा फोटो, कुणाच्या तरी मोबाईलमधून उचललेला. पेपरवाले खोटं छापतात म्हणून चौकात घसा फोडणारी मी, हे वाक्य एकदाही न अडखळता लिहून गेले.

तेव्हापासून मनगटाचा तो आवाज कानातून जात नाही. आई शेवग्याची शेंग मोडते, मी स्वयंपाकघरातून उठून जाते.

शेवटी त्याचा पत्ता काढला. खडकवासल्याच्या रस्त्याला मजुरांच्या खोल्या आहेत, तिथे. हात प्लॅस्टरमध्ये, काम बंद. माफीची वाक्यं मी बसमध्ये पाठ केली होती, ती पत्रकासारखीच निघाली. त्याने ऐकून घेतलं. मूर्तीला कुठे टवका गेला का, विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटलेलं दिसलं. मग सांगितलं, की पत्रक फोनवरून त्याच्या गावात पोचलंय. त्यांच्याही घरात बुद्धच आहे.

"आई रोज वंदना घेती, ताई. आता तिला विहारात इचारत्यात, तुझ्या पोरानं मूर्तीवर हात टाकला व्हय."

मी म्हटलं, खरं काय ते मी छापते.

रविवारी वंदना झाल्यावर मी उभी राहिले, सगळं सांगितलं आणि खरं पत्रक छापू या म्हटलं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. काका सतरंजीकडे बघत म्हणाले, "बाळ, अभ्यासिका अजून वाचलेली नाही. ते पुन्हा येतील. तुझा असा कागद त्यांच्या हातात पडला तर?"

त्यांचं चूक नव्हतं. म्हणूनच जास्त चीड आली. आमची बाजू खरी आहे, तर तिला त्या माणसाच्या आईची मान खाली घालायला लागावी का? विहाराच्या समितीने छापायला नकार दिला. मग मी हाताने लिहिलं: 'तो मूर्ती वाचवत होता. वार मी केला. पत्रकातलं खोटंही माझंच.' खाली सही. एक प्रत त्याला नेऊन दिली, आईला दाखवायला. एक विहाराच्या भिंतीवर लावली. ती संध्याकाळपर्यंत फाटली. दुसरी लावली, तीही फाटली.

आज खळ लावून चौथी चिकटवली. लहान मुली सरावाला आल्या होत्या. त्यांनी उभं राहून वाचलं. एकीने माझी लाठी पुढे केली, "ताई, आज शिकवणार ना?"

माझे हात खळीने भरलेत, असं मी सांगितलं.