शेवंतीच्या गाडीतले डबे

आमच्या तिठ्यावर सकाळची कणकवलीची एसटी गाडी येते, तेव्हा तिच्यात माणसं कमी आणि डबे जास्त असतात. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तिठ्यावरचं दुकान माझं आणि ते डबे आधी माझ्याच फळीवर येऊन बसतात. गावातली जी मुलं कणकवलीला खोली घेऊन शिकतात, त्यांच्या आया पहाटे उठून डबा बांधतात आणि माझ्याकडे ठेवून जातात. जाताना वर मलाच दम देतात, "गुरुदास, डबो सांडलो तर बघ हां!" जसं काही मी त्यात हातच घालणार आहे.

ते डबे उचलते शेवंती, गाडीची कंडक्टर. खाली उतरून सगळे गोळा करते, मागच्या बाकावर मांडते आणि कणकवलीच्या स्टँडवर ज्याचा त्याच्या हातात देते. एक पैसा घेत नाही. तोंडाने मात्र महाफटकळ. "उद्या उशिरा इलंस तर डबो कुत्र्याक घालीन," असं कोणाला ना कोणाला सुनावतेच, आणि मग त्याच पोराची वाट बघत स्टँडवर ताटकळते. सोमवारी तिचा कडक उपास, तरी अकिलाच्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं हिंदकळू नये म्हणून तो डबा मांडीवर घेऊन बसलेली मी तिला पाहिली आहे. ड्यूटी बदलायची वेळ आली की साहेबांच्या विनवण्या करून ती हीच गाडी मागून घेते. नवरा गंगाराम दम्याने घरी बसलेला, घर तिच्या पगारावर. तरी ही उठाठेव तिला कोणी सांगितली होती?

अकिला ही मासळीवाल्या जमालची बायको. तिचा मुलगा साद शेवंतीच्या हातून डबा घेत घेत इंजिनिअर झाला आणि पुण्याला कंपनीत लागला. अकिलाने गावभर साखर वाटली. ती साखर तोंडात विरघळते न विरघळते तोच पोराने नोकरी सोडली आणि सरकारची फेलोशिप घेतली. इंजिनिअरांनी वर्षभर सरकारी खात्यात बसायचं, आपली विद्या वापरून कुठला नियम कुठे अडतो ते शोधायचं आणि साहेबांना सुधारणा सुचवायच्या, असं ते काम. गावाने लगेच निकाल लावला : पोराची नोकरी गेली, आता लाज राखायला हे इंग्रजी नाव पुढे केलंय. अकिला पोराच्या लग्नाच्या काळजीने दुकानात येऊन रडली. "गुरुदास, एका वर्साच्या कामाक चेडू कोण देतला माझ्या झिलाक?"

सादला नेमलं आपल्याच जिल्ह्यात, खेड्यापाड्यांतल्या गाड्यांच्या कामावर. तिकिटांच्या मशीनमधली सगळी माहिती जमवून कुठली गाडी कधी सोडावी ते ठरवायचं. पोरगा हुशार. त्याच्या सांगण्यावरून एका वाडीला कॉलेजच्या वेळेची गाडी मिळाली, तेव्हा मीही मिशीला पीळ दिला. पण त्याच हिशेबात काही गाड्या रिकाम्या निघाल्या, बंद करण्याजोग्या. आमची सकाळची गाडी त्यातच होती. दारोदार स्कूटर झाल्यावर तिकीट काढून बसतो कोण?

ते सांगायला तो स्वतः आला. मला म्हणाला, "काका, मशीनला तिकीट दिसतं. डबा दिसत नाही."

"मगे तू सांग मशीनाक," मी म्हटलं.

तेवढ्यात परतीची गाडी आली आणि शेवंती पाणी प्यायला दुकानात शिरली. सादने तिला सगळं सांगितलं. गाडी वाचवायची तर डब्यांचं लिहावं लागेल, म्हणाला. तिने तांब्या तसाच खाली ठेवला. एवढी तोंडाळ बाई, पण तिचा आवाज उतरला.

"लिव नको रे पुता. बिनभाड्याचो माल नेतंय मी. चौकशी लागली तर माझी नोकरी जायत. गंगारामाची औषधां कोण हाडतला?"

"आणि गाडी बंद झाली तर?"

"तर पोरां उपाशी रवतली," ती म्हणाली आणि रडू लागली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. साद कात्रीत सापडला. एकीकडे मुलांचं जेवण आणि दुसरीकडे जिने त्याला चार वर्षं जेवू घातलं तिची भाकरी. मला तर काही सुचेना, आणि न मागता सल्ला देण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नाही.

पुढचे काही आठवडे साद नुसता गाड्यांतून फिरला. वेंगुर्ल्याकडे, मालवणकडे, कुठकुठल्या आडरस्त्यांना. त्याला दिसलं की डबे फक्त आमच्याच गाडीत नाहीत. जिथे म्हणून पोर शिकायला बाहेर पडलंय, तिथे त्याच्या मागून गाडीतून डबा जातोय आणि कोणीतरी शेवंती तो पोचवतेय. मग त्याने अहवाल लिहिला तो सबंध जिल्ह्याचा. एका गाडीचं नाव नाही की एका माणसाचं नाही. मागणी एवढीच, की विद्यार्थ्यांच्या डब्याला परवडेल असं तिकीट सुरू करा, म्हणजे डबाही मशीनला दिसेल आणि गाडी रिकामी ठरणार नाही.

बैठकीत काय झालं ते मला सादने सांगितलं आणि तिथल्या शिपायानेही. दोघांचं सांगणं जुळलं म्हणून मी विश्वास ठेवला. मोठ्या साहेबांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

"म्हणजे आजवर हा माल फुकट जातोय. नेणारे कोण? तुम्ही पाहिलंय ना? एक तरी नाव द्या."

साद उभा राहिला. "नाव हवं असेल तर माझं लिहा, सर. मी चार वर्षं असा फुकट आलेला डबा खाल्लाय. त्याच्यावर इंजिनिअर झालो, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. वसुली करायची ती माझ्याकडून करा."

फेलोशिपचा माणूस, कधीही घरी पाठवता आला असता. पण साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि विचारलं, "तिकीट किती ठेवायचं म्हणता?"

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हे. मी जमालच्या घरी जाऊन अकिलाला म्हटलं, "गो, चेडू मिळांदे नायतर नको, तुझो झिल मात्र लाखात एक." माझी स्वतःची नातवंडं उद्या त्याच गाडीच्या भरवशावर शिकतील. त्या पोराचे आणि त्या बाईचे उपकार मी कसे फेडू?

आमची गाडी वाचली. डब्याचं तिकीट सुरू झालं त्या सकाळी आया सुटे पैसे घेऊन तिठ्यावर उभ्या. शेवंती एकेक तिकीट फाडून डब्याच्या कडीत खोचत होती. तेवढ्यात तपासनीसांची जीप येऊन गाडीपुढे थांबली. इतकी वर्षं ती जीप लांबून दिसली तरी शेवंतीचे हातपाय गार पडायचे, हे तिने मला नंतर सांगितलं. मला वाटायचं, ही कोणाला भीत नाही.

तपासनीस वर चढला. मागच्या बाकाकडे बघून त्याने विचारलं, "एवढे डबे? कोणाचे हे?"

शेवंती त्याच्यासमोर ताठ उभी राहिली आणि तिठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "माझ्या पोरांचे."