धांड्यांचं कांगारू

आमच्या ह्यांना लकवा झाला तेव्हा ओसरीवर तीन विमानं तयार होती आणि चौथ्यासाठी धांडे सोलून ठेवले होते.

जन्मभर एसटी चालवलेला माणूस. रिटायर झाल्यावर मोबाइलवर त्यांना दुसऱ्या महायुद्धातलं इटलीचं तीन इंजिनांचं विमान सापडलं आणि ते त्यातच गुंतले. पोट मोठं म्हणून त्याला कांगारू म्हणत. ज्वारीचे धांडे सोलायचे, आतला भेंड बाभळीच्या काट्यांनी जोडायचा, पोरं खेळण्यातली बैलगाडी करतात तसंच. पहिलं केलं बाँब टाकणारं. दुसरं मालवाहू, त्याच्या पोटात आख्खं लढाऊ विमान सुटं करून मावायचं म्हणे. तिसरं दुमजली, छत्रीधारी सैनिकांचं. यंत्र तेच, कामं बदलत गेली, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मी वैतागायची.

लकव्यानं बोलणं गेलं. गिळता येत होतं, पण तोंडच उघडेनात. परभणीच्या दवाखान्यात नाकातून नळी घातली, ती त्यांनी उपसली; मग चालता हात पलंगाला बांधला. बांधलेल्या हाताकडं ते बघत राहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, तोंडानं खाल्लं नाही तर पुन्हा नळी.

घरी आंबील करून बसायची. दात घट्ट. विनवण्या केल्या, रागावले, देवाला नवस बोलले, उगाच भांडी आपटली. एके दुपारी हताश होऊन ते सोललेले धांडे घेतले आणि चौथं विमान, जखमी माणसांना नेणारं, त्यांच्यासमोर जोडायला लागले. पंख उलटा बसवला तशी त्यांची नजर झटकन पंखावर गेली. मी सरळ केला, चमचा पुढं केला. तोंड उघडलं.

मग तोच आमचा व्यवहार झाला. एक काटा, एक चमचा. आत रुग्णांच्या बाजा टांगल्या, पंखावर कुंकवानं दवाखान्याची फुली काढली. लाल रंग दुसरा कुठून आणू? विमान पुरं झालं आणि संध्याकाळी पुन्हा दात घट्ट. मोबाइलवर शोधशोध शोधलं, पण दाखवता येईल असं नवं रूप काही मिळेना. दवाखान्याची तारीख जवळ येत होती.

शेवटी मी खोटं रूप काढलं. पालमच्या बाजाराला माणसं नेणारं कांगारू. मागं एसटीसारखी टपावर चढायची शिडी, वर गाठोडी, दाराशी कंडक्टरची जागा. लढाई संपल्यावर असं केलं होतं, असं त्यांना बेधडक सांगितलं.

त्यांनी शिडी निरखून पाहिली. ओठ हलले. दवाखान्यातून आल्यापासूनचे पहिले शब्द, जड, ओढत काढलेले.

"असलं... न्हवतं."

मी संपलेच. चमचा वाटीत टाकला आणि पदर तोंडावर घेऊन रडले. आता पुन्हा नळी, पुन्हा हात बांधणार, एवढंच डोळ्यांपुढं होतं.

"न्हवतं," मी म्हणाले. "मीच केलंय. तुमी खावा म्हणून."

त्यांनी चालता हात उचलला, वाटी माझ्याकडं सरकवली आणि तोंड उघडलं.