वसंतमामांच्या रेघा

मामींचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. मी लहान मुलांच्या एका ॲपसाठी भोपळ्याचं चित्र रंगवत होते. "सुजाता, मामा उठलेच नाहीत गं," एवढंच त्या म्हणाल्या. थेरगावहून आकुर्डीला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की उद्या मंगळवार आहे, उद्या तर ते येणार होते... गेले आठ महिने दर मंगळवारी मामा माझ्याकडे ड्रॉइंग टॅब्लेट शिकायला येत होते.

वसंतमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी टूलरूममध्ये काढली. लोखंडाच्या ठोकळ्याला निळा रंग लावायचा आणि पोलादी सुईने त्यावर रेघ आखायची. पुढे मशीनवर त्याच रेघेने कापणी व्हायची. रेघ चुकली तर ठोकळा भंगारात. बुद्धजयंतीला विहाराच्या फळ्यावर चोवीस आऱ्यांचं चक्र तेच काढायचे. निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत उजवा हात थरथरायला लागला. औषधांनी थोडा उतार पडला, पण कंप पुरता गेला नाही. लग्नाकार्यात ते चहाला नको म्हणायचे, मला वाटायचं काही पथ्य असेल. विहारात चक्र फ्लेक्सवर छापून येऊ लागलं. मामांनी जवळ जाऊन आरे मोजले. बावीस भरले. कुणाला बोलले नाहीत, मला तेवढं हळूच सांगितलं.

एकदा असेच घरी आले असताना त्यांना माझ्या टेबलावरचा टॅब्लेट दिसला. "ही पाटी कसली? आणि शाई कुठंय?" मी पेन हातात दिला. पाटीवर पेन फिरला, रेघ समोरच्या स्क्रीनवर उमटली. मामा हसले. "हात इथं आणि डोळे तिथं... मग हाताला सांगायचं कोणी?" गोलाची दोन टोकं एकमेकांना भेटायला तीन मंगळवार लागले. आणि स्क्रीनवर हाताचा कंप लपेना. त्यांना बरं वाटावं म्हणून मी न सांगता रेघ आपोआप सरळ करणारी सोय चालू केली. त्यांनी पुन्हा रेघ ओढली. काचेसारखी आली.

"ही मी काढली?"

मला खोटं बोलवेना. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "किती दुरुस्त करतंय ते? काही आकडा असेल ना?" मग शून्यापासून शंभरपर्यंत दहा-दहाने वाढवत आम्ही रेघा काढल्या. शंभरावर रेघ हाताच्या मागून, रेंगाळत यायची. "पन्नासच्या पुढं हे माझं ऐकतच नाही," मामा म्हणाले, "स्वतःचंच खरं करतं." मग म्हणाले, "बारीक पार्ट आम्ही पडद्यावर दहापट मोठा करून तपासायचो. इथं उलटं करू. मोठं काढू, मग लहान करू. आणि तो आकडा शून्यावर ने." चित्र मोठं करून, खांद्यापासून हात फिरवत त्यांनी रेघ ओढली. लहान केल्यावर तिच्यातली थरथर जेमतेम केसाएवढी उरली. मी सहा वर्षं हे काम करते आहे, पण कंपावर हा उपाय मला सुचला नव्हता.

चक्राला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "मामा, एकच आरा काढा, बाकीचे तेवीस मी फिरवून देते." त्यांनी ते करायला लावलं, कसं होतं ते दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे. आता पुस." चोवीस आऱ्यांना पाच मंगळवार गेले. यंदा विहारात तेच चक्र लागलं. त्या दिवशी मांडवात मामांनी सगळ्यांसमोर चहा घेतला. कप दोन्ही हातांनी धरला, थोडा सांडला, रुमालाने पुसला आणि गप्पा पुढे चालू ठेवल्या.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर मामींनी ते चक्र फ्रेम करायला मागितलं, म्हणून मी फाइल उघडली. अशा चित्रात ट्रेसिंग पेपरसारखे एकावर एक थर असतात. सगळ्यात खालचा एक थर बंद करून ठेवलेला होता. मी तो केला नव्हता. चालू केला तर आडव्या रेघाच रेघा. मी स्वयंपाकघरात गेले की मामा काढत असणार. प्रत्येक रेघेपुढे वाकड्या अक्षरांत तारीख आणि कारखान्यातल्यासारखा तपासणीचा शेरा: "रिजेक्ट", "रीवर्क", पुन्हा "रीवर्क", कुठे तरी एखादं "ओके". शेवटच्या मंगळवारच्या रेघेपुढे तारीख आहे, शेरा नाही. ती रेघ मी खूप वेळ पाहिली... शेरा देण्याइतकी माझी नजर तयार नाही. मामींना चक्र छापून दिलं. माझ्या फाइलमध्ये तो थर आता चालूच असतो.