हळर्णचा ठिपक्यांचा दगड

सकाळी सातला डिचोलीहून जीप काढली तेव्हा मागच्या बाकावर तीन दगड होते आणि शेजारी मालिनीबाई. बाई कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. त्यांना हळर्णची काळ्या दगडाची खाण पाहायची होती आणि गाडी नव्हती. मला पुरावा हवा होता. सौदा मीच ठरवला: गाडी माझी, नजर तुमची.

पुरावा अर्जुन पाथरवटाविरुद्ध. मी रगडे (ओलं वाटण करायचे दगडी खल) विकतो. अर्जुन हळर्णहून काळाभोर दगड पाठवी. दिवाळीनंतर त्याच्याकडून पांढऱ्या ठिपक्यांचा माल आला. आमच्या धंद्यात ठिपक्यांचा दगड म्हणजे घाटावरचा, हे सगळे धरून चालतात. म्हणजे माझा दगड याने दुसऱ्याला दिला आणि मला घाटाचा भरला. मी त्याचं काम बंद केलं. पेडण्याच्या बाजारात चहाच्या दुकानात बसून दहा जणांसमोर तो लबाड असल्याचंही सांगितलं. त्यानंतर त्याला कुणी काम दिलं नाही, हे मला ठाऊक होतं. गोवा मुक्तीनंतर सावंतवाडीहून डिचोलीत आलो तो एका छिन्नीनिशी. फसवणूक मला पचत नाही.

अस्नोड्यापर्यंत खनिजाच्या ट्रकांमागून लाल धूळ खात गेलो. कोलवाळला पातळभाजी आणि उंडे (जाड सालीचे गोल पाव) खाल्ले. उंडे कालचे होते. मी हॉटेलवाल्याला तसं सुनावलं आणि दोन ताजे वर घेतले.

"तुम्ही सगळीकडेच भांडता?" बाईंनी विचारलं.

"जिथे लागतं तिथे."

पूल ओलांडून धारगळच्या पुढे चाक पंक्चर झालं. चाक बदलेपर्यंत बाई सावलीत बसून माझे तिन्ही दगड भिंगाखाली बघत होत्या: अर्जुनचा जुना काळा, त्याचा ठिपक्यांचा आणि घाटावरून मी मुद्दाम आणलेला तिसरा.

"हे ठिपके म्हणजे स्फटिक," त्या म्हणाल्या. "वितळलेल्या खडकाचा रस जमिनीखाली खोल थांबला की त्यात ते सावकाश वाढतात. घाटाच्या दगडातले बघा, चांदण्यांसारखे गुच्छ आणि आतून स्वच्छ. तुमच्या ठिपक्यात मात्र आत एक मळकट कडं आहे. वाढता वाढता खालून नवा तापलेला रस आला, स्फटिकाची कड थोडी विरघळली, मग तो पुन्हा वाढला."

मी भिंग घेतलं. कडं होतं. एकातच नाही, पाच स्फटिकांत होतं.

"मग हा घाटाचा नाही?"

"या घाटाच्या तुकड्यासारखा तरी नाही. पण तुमच्या काळ्या दगडात ठिपकेच नाहीत. खाण बघितल्याशिवाय बोलणार नाही."

हळर्णला किल्ल्याचे पडके बुरूज मागे टाकून शेतातून खाणीपर्यंत चालत गेलो. जांभ्या जमिनीत काळा दगड उभ्या भिंतीसारखा घुसलेला आहे. अर्जुन बाजूलाच एक पाटा टाकत (छिन्नीने टाचे, म्हणजे बारीक खाचा, घालत) बसला होता. उठला नाही.

"इलात शेट? आता काय फोडूचा हा?"

बाई कडेपासून सुरुवात करून भिंतीवर हात फिरवत आत सरकल्या, मीही मागोमाग. कडेला दगड काजळीसारखा काळा. दोन हात आत कण भरड. आणखी आत एखादा ठिपका, मग चार, आणि मध्यावर खच्चून भरलेले. कुठेही सांधा नव्हता. एका ठिपक्यावर भिंग धरलं. तेच मळकट कडं.

"भेगेतून रस वर येताना स्फटिक मध्याकडे ढकलले गेले," बाई म्हणाल्या. "कडेचा रस थंड खडकाला लागून चटकन गोठला. दोन्ही दगड एकाच रसाचे."

"कडेचो दगड दिवाळेक सोपलो (संपला)," अर्जुन खाली बघतच म्हणाला. "तुमका निरोप धाडलंय. तुमी दगड बघलात, जागा बघूक नाय."

निरोप आला होता. मी तो सबब समजलो होतो.

"उद्यापासून काम चालू कर," मी म्हणालो. "ठिपक्यांचाही चालेल."

"नको."

"बरं, बाईंच्या समोर सांगतो, चूक माझी."

"बाईंका तुमी काय सांगलला? पेडण्यात सांगलात, पेडण्यात सांगा."

मी अजून दोनदा प्रयत्न केला. त्याने छिन्नी उचलली आणि टाचे घालू लागला. असा पक्का माणूस मला सौद्यात क्वचित भेटतो.

परतताना जीप पेडण्याकडे वळवली. चहाच्या दुकानात त्या दहांतले तिघे होते. मी उभं राहूनच सांगितलं: दगड हळर्णचाच, अर्जुनने फसवलं नाही, मी खोटं बोललो.

"मग तेव्हा इतक्या खात्रीनं कसं सांगितलंत?" एकाने विचारलं.

"खाणीत न जाता," मी म्हणालो.

तो हसला आणि उरलेल्या सात जणांची नावं सांगू लागला. कोण कोरगावला, कोण चोपड्याला. बाईंनी घड्याळ पाहिलं. मी त्यांना डिचोलीच्या बसमध्ये बसवून दिलं आणि जीप कोरगावच्या रस्त्याला लावली. घरी पोचायला फार उशीर झाला. वीस वर्षं या भागात फिरतो आहे. दगड विकत घ्यायला अनेकदा गेलो, शब्द परत घ्यायला पहिल्यांदाच. सातांपैकी दोघे अजून भेटायचे आहेत.